मुंबईचा विमानतळ व शहर : एका अपुऱ्या सांध्याचा इतिहास (१९२८–२०२५)

१. विषयप्रवेश

मुंबईच्या अर्वाचीन इतिहासाचे विवेचन बहुधा बंदर, रेल्वे आणि कापडगिरण्या या तीन संस्थांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. बंदराने मुंबईला व्यापार दिला, रेल्वेने पृष्ठप्रदेश मिळवून दिला आणि गिरण्यांनी तिची वस्ती घडविली. विमानतळाचा उल्लेख मात्र या इतिहासात एखाद्या तळटीपेपुरता येतो. वस्तुतः गेल्या शंभर वर्षांत साष्टीच्या भूमीचा जो कायापालट झाला त्यात विमानतळाचा वाटा लहान नाही. म्हणून त्याचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.

बंदर आणि रेल्वे यांहून विमानतळ एका मूलभूत बाबतीत भिन्न आहे. जहाज शहराच्या धक्क्याला लागते, आगगाडी शहराच्या पोटात येऊन थांबते. १८५३ मध्ये ठाण्यास निघालेली पहिली गाडी बोरीबंदराहून, म्हणजे किल्ल्यालगतच्या व्यापारी वस्तीजवळून सुटली होती. विमानाला मात्र विस्तीर्ण, सपाट आणि मोकळी जमीन लागते, आणि वाढत्या शहरात अशी जमीन शिल्लक राहत नाही. त्यामुळे विमानप्रवास शहराबाहेरच संपतो व उरलेले अंतर दुसऱ्या साधनाने तोडावे लागते. हे उरलेले अंतर केव्हा, कोणत्या साधनाने आणि कोणासाठी तोडले गेले, हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात नगराची राज्यव्यवस्था, वर्गरचना आणि जमिनीचे राजकारण ही सर्व प्रतिबिंबित झालेली असतात.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टी दाखविण्याचा हेतू आहे. एक, मुंबईचा विमानतळ शहराशी जोडला गेला तो कोणत्याही एका योजनेने नव्हे, तर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या संस्थांनी घातलेल्या तुटक दुव्यांनी. दोन, या दुव्यांत रेल्वेसारख्या सार्वजनिक साधनाला इतक्या उशिरा स्थान मिळाले याचे कारण भूगोलात नाही. ते विमानप्रवाशाविषयीच्या एका जुन्या कल्पनेत आणि कारभाराच्या विभागणीत शोधावे लागते.

२. जुहू : ऋतूंच्या अधीन असलेला तळ

मुंबईच्या विमानवाहतुकीचा आरंभ जुहू येथे झाला. १९२८ मध्ये तेथे विमानतळ अस्तित्वात आला. जुहू हे त्या वेळी मुंबई शहरात नव्हते. १९२० मध्ये निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात ते मोडत असे. योगायोग असा, की त्याच वर्षी, म्हणजे जानेवारी १९२८ मध्ये, बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कुलाबा ते बोरिवली या उपनगरी मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. उपनगरांचे भवितव्य घडविणारी ही दोन साधने अशी एकाच वर्षी, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, परंतु परस्परांशी काहीही संबंध न ठेवता उदयास आली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या एका लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबाद येथे या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. हा तपशील गमतीचा म्हणून सांगितला जातो. पण त्यात विमानवाहतुकीचे एक कायमचे सत्य दडलेले आहे. आकाशातले साधन कितीही वेगवान असो, जमिनीवरचे साधन ज्या वेगाचे असेल त्याच वेगाने त्याची सेवा होणार.

जुहूची जमीन खाजणाची होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, आणि म्हणून टाटांची विमानसेवा त्या चार महिन्यांपुरती पुण्यास हलवावी लागे. अर्थात शहर आणि विमानतळ यांतील अंतर या काळात ऋतुमानानुसार बदलत होते असेच म्हणावयास हवे: आठ महिने विलेपार्ल्याच्या पलीकडे, चार महिने घाटमाथ्यावर. असे असूनही कोणाची फारशी गैरसोय झाली नाही, कारण नेआण करावयाची ती मुख्यतः टपालाच्या थैल्यांची. प्रवासी क्वचित, आणि जो असेल त्याच्याकडे मोटार असणारच. विमानप्रवासी म्हणजे मोटारवाला मनुष्य, ही समजूत या पहिल्या दशकात रुजली. पुढे परिस्थिती पालटली तरी ती समजूत टिकून राहिली, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. सांताक्रूझ : लष्कराने निवडलेली जागा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुहूच्या पूर्वेस, रेल्वेमार्गाच्या पलीकडे, सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. १९४२ ते १९४७ या काळात तेथे हवाई दलाच्या अनेक तुकड्यांचा मुक्काम झाला. युद्ध संपल्यावर हा तळ नागरी विमानवाहतुकीकडे आला आणि १९४८ पासून मुंबईचा मुख्य विमानतळ म्हणून जुहूची जागा सांताक्रूझने घेतली. त्याच वर्षी जून महिन्यात एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई–लंडन सेवा सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सांताक्रूझची जागा शहराच्या सोयीने निवडलेली नव्हती. युद्धकाळात तळाला पक्की धावपट्टी आणि मोकळा परिसर हवा होता. प्रवासी शहरात कसे जातील हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. नागरी राजवटीने ती तयार जागा स्वीकारली आणि तिच्याबरोबर हा न सोडविलेला प्रश्नही स्वीकारला. शिवाय १९४८ मध्ये सांताक्रूझ मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. म्हणजे विमानतळ शहरात आणला गेला नाही. शहरच वाढत वाढत त्याच्याभोवती आले आणि त्याला मागे टाकून पुढे गेले.

जुहू व सांताक्रूझ हे दोन तळ परस्परांच्या इतके निकट होते की वैमानिकांचीही फसगत होई. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश विमान कंपनीचे एक कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या बाबतीत हाच प्रमाद घडला आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. युद्धकाळातील निकडीने एका तळाशेजारी दुसरा तळ उभा राहिला आणि जुनाही वापरात राहिला, त्या अनियोजित वाढीची ही बोलकी उदाहरणे होत.

सांताक्रूझहून कोट विभागात जावयाचे तर सुमारे पंचवीस किलोमीटरांचा रस्ता होता. घोडबंदर रस्त्याने वांद्र्यास यावे, माहीमचा बांध ओलांडावा आणि दादरमार्गे दक्षिणेस उतरावे. माहीमचा बांध लेडी जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये पूर्ण झालेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनहून जेट विमानाने काही तासांत आलेला प्रवासी शहरात शिरे तो या एकोणिसाव्या शतकातील बांधावरून. पूर्वेकडून शिरावयाचे तर शीवचा बांध, आणि तो त्याहूनही जुना. मुंबई हे मूळचे बेट आहे आणि साष्टी हे दुसरे, हे सत्य भरावांमुळे विसरले जाते. विमानतळाच्या वाटेवर मात्र त्याची आठवण दर खेपेस होत राहिली.

या वाटेवर जे सुधार झाले ते सर्व मोटारीचे सुधार होते. नानासाहेब मोडक व अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. पुढे माहीमपासून दहिसरपर्यंतचा पश्चिम द्रुतगती महामार्ग तयार झाला आणि तो विमानतळाच्या पश्चिम कडेला लागूनच गेला. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने १९६३ मध्ये सादर केलेल्या वाहतूक-पाहणीत शहरासाठी द्रुतमार्गांचे जाळे सुचविले. १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नर येथे शहरातला पहिला उड्डाणपूल झाला. तोही दक्षिण मुंबईतून उपनगरांकडे जाणाऱ्या मोटारींच्याच वाटेवर. ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांच्यासाठी टॅक्सी होती, किंवा विमान कंपन्यांच्या शहरातील कचेऱ्यांपासून सुटणारी प्रवासी बस. नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाच्या इमारतीपासून विमानतळापर्यंत जाणारी बस कित्येक वर्षे प्रवाशांच्या परिचयाची होती.

४. लोहमार्ग जवळ असूनही दूर का राहिला?

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे रेल्वेची अनुपस्थिती. सांताक्रूझचे टर्मिनल विलेपार्ले स्थानकापासून दोन किलोमीटरांच्या आसपास होते. तेथून चर्चगेटकडे दर काही मिनिटांनी विजेची गाडी सुटत असे. तरीही १९४८ पासून पुढे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ विमानतळाच्या दारात रुळांवरचे कोणतेही वाहन पोहोचले नाही.

जगातील इतर विमानतळांशी तुलना केली असता ही बाब अधिक स्पष्ट होते. लंडनजवळील गॅटविक विमानतळ १९५८ मध्ये खुला झाला तो स्वतःचे रेल्वे स्थानक घेऊनच. टोकियोच्या हानेडा विमानतळाची मोनोरेल सप्टेंबर १९६४ मध्ये, ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर, सुरू झाली. तथापि सर्वच प्रगत शहरे तत्पर होती असे मानणे चुकीचे ठरेल. १९४६ मध्ये नागरी वाहतुकीस खुल्या झालेल्या लंडनच्या हीथ्रो विमानतळाला भुयारी रेल्वे मिळाली ती डिसेंबर १९७७ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. भारतात दिल्लीची विमानतळ मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये धावू लागली. चेन्नईत तिरुशूलम हे उपनगरी स्थानक विमानतळाच्या समोरच आहे. म्हणजे विलंब हा मुंबईचाच विशेष नव्हे. परंतु इतक्या जवळ इतकी समर्थ उपनगरी रेल्वे असताना झालेला इतका दीर्घ विलंब हा मात्र विशेष म्हटला पाहिजे.

त्याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण भौगोलिक: रेल्वेमार्ग आणि टर्मिनल यांमध्ये दाट वस्ती व महामार्ग होता, म्हणून फाटा काढणे अवघड होते. हे कारण उत्तरकाळाला लागू पडते, पूर्वकाळाला नाही. १९५० च्या सुमारास ही वस्ती आजच्यासारखी दाट नव्हती आणि जमीन सपाट होती. अडचण निर्माण झाली ती विलंबामुळे. तिलाच विलंबाचे कारण समजणे म्हणजे कार्यालाच कारण मानण्यासारखे आहे.

दुसरे कारण कारभाराचे. रेल्वे केंद्राच्या एका मंत्रालयाकडे, विमानवाहतूक दुसऱ्या खात्याकडे, महामार्ग राज्य शासनाकडे, शहरातील रस्ते महापालिकेकडे आणि बस बेस्ट उपक्रमाकडे, अशी वाटणी होती. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन महामंडळे झाली आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. प्रत्येक संस्था आपल्या कुंपणापर्यंत जबाबदार होती. कुंपणाबाहेरचे दोन किलोमीटर कोणाचेच नव्हते. हे कारण वजनदार आहे. तथापि लंडन व टोकियो येथेही अधिकार विभागलेले होतेच, म्हणून ते एकटे पुरेसे ठरत नाही.

तिसरे कारण सामाजिक. विमानप्रवासी हा मोटारवाला मनुष्य ही जुहूच्या काळातील समजूत सांताक्रूझलाही लागू केली गेली. लोकल गाडी कामगारांची, कारकुनांची आणि दूधवाल्या-भाजीवाल्यांची. विमानप्रवासी त्या गर्दीत आपली पेटी घेऊन चढणार नाही, हे गृहीत धरले गेले. या गृहीतात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. उपनगरी गाड्या स्वतःच्या प्रवाशांच्या भाराने आधीच वाकल्या होत्या, आणि सामानासह येणाऱ्या नव्या प्रवाशांना सामावून घेण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. परंतु विमानतळावर जाणारे केवळ प्रवासीच नसतात. यंत्रज्ञ, हमाल, सफाई कामगार, स्वयंपाकी, शिपाई, कारकून असे हजारो लोक तेथे रोज तिन्ही पाळ्यांना जातात, आणि ते लोकलनेच प्रवास करणारे होते. काहींना कलिना भागातील कर्मचारी वसाहतींत घरे मिळाली. बाकीच्यांनी स्थानकापासून बस धरली किंवा पायी वाट तुडविली. विमानतळाला शहराशी जोडण्याचा विचार करताना हा सर्वांत मोठा आणि सर्वांत नियमित प्रवासी वर्ग हिशेबात धरला गेला नाही. कारभाराच्या विभागणीने रेल्वेचा प्रश्न अनाथ केला आणि या सामाजिक गृहीताने त्याचे अनाथपण कोणाला खुपू दिले नाही, असा या दोन कारणांचा परस्परसंबंध दिसतो.

५. विमानतळाच्या आतले अंतर

शहर आणि विमानतळ यांमधील दुवा अपुरा राहिला तसाच विमानतळाच्या स्वतःच्या अवयवांमधील दुवाही अपुरा राहिला. १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७४७ हे महाकाय विमान आले. एका विमानातून साडेतीनशेच्या आसपास प्रवासी उतरू लागल्यावर सांताक्रूझचे टर्मिनल अपुरे पडले. २१ सप्टेंबर १९७९ रोजी तेथे लागलेल्या आगीने ही टंचाई अधिकच तीव्र केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय वाहतूक सहार येथील नव्या टर्मिनलात गेली. सहार हे साष्टीतले जुने गावठाण. त्याचे नाव आता देशोदेशींच्या तिकिटांवर आले.

सांताक्रूझ आणि सहार ही दोन्ही टर्मिनले एकाच विमानतळाची, त्यांच्या धावपट्ट्याही त्याच. परंतु या धावपट्ट्यांच्या दोन बाजूंना वसलेली. नागपूरहून वा औरंगाबादहून येऊन परदेशी जाणारा प्रवासी सांताक्रूझला उतरे, आपले सामान घेऊन रस्त्यावर येई आणि टॅक्सीने किंवा बसने विमानतळाला वळसा घालून चार-पाच किलोमीटरांवरील सहारला पोहोचे. ज्या विमानतळावर तो उतरला त्याच विमानतळावर जाण्यासाठी त्याला शहरातून प्रवास करावा लागे. लोकांच्या बोलण्यात ही दोन स्वतंत्र ठिकाणे झाली, ‘डोमेस्टिक’ आणि ‘इंटरनॅशनल’, आणि चुकीच्या ठिकाणी उतरल्यामुळे धावपळ होणे ही नित्याची गोष्ट बनली.

याच काळात विमानप्रवाशाचे स्वरूप बदलले होते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १९७० च्या दशकात आखाती देशांत तेलाच्या पैशाने बांधकामे सुरू झाली आणि भारतातून तेथे कामगार जाऊ लागले. त्यांत रत्नागिरी व रायगड भागांतील लोकही मोठ्या संख्येने होते. हा प्रवासी मोटारवाला नव्हता. तो एस.टी.ने किंवा गावातल्या चार-सहा जणांनी मिळून भाड्याने केलेल्या जीपमधून येई, सोबत पोचवायला आलेले अर्धे घर असे, आणि बहुतेक परदेशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटत असल्यामुळे टर्मिनलबाहेरच्या फुटपाथवर त्या घराची रात्र जाई. विमानतळाची रचना ज्या प्रवाशाच्या कल्पनेवर उभी होती तो प्रवासी आता अल्पसंख्य झाला होता. कल्पना मात्र बदलली नव्हती. शिवाय रिक्षांना माहीम व शीवच्या दक्षिणेस प्रवेश नसल्यामुळे, कमी पैशांत बेटावरील शहराकडे जाऊ पाहणाऱ्याला मध्येच वाहन बदलावे लागे. खाडीवरच्या बांधांनी आखलेली जुनी सीमारेषा परवान्यांच्या नियमात अशी जिवंत राहिली होती.

६. भूमी, वस्ती आणि पाणी

विमानतळाचे क्षेत्र सुमारे साडेसातशे हेक्टर आहे. त्याच्या सभोवती कोळेकल्याण, सहार, मरोळ अशी जुनी गावठाणे होती. त्यांच्या जोडीला नव्या वसाहती व कारखाने आले आणि पाठोपाठ झोपडवस्त्याही वाढल्या. या वस्त्या विमानतळाच्या मोकळ्या जागेचा केवळ गैरफायदा घेऊन वाढल्या असे वर्णन नेहमी केले जाते. ते अर्धसत्य आहे. सहारजवळच्या अण्णावाडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅथरीन बू यांनी २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात या वस्तीचे चित्रण केले आहे, आणि तिचा आरंभ १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तमिळ मजुरांच्या मुक्कामातून झाला असे त्यात नमूद आहे. म्हणजे विमानतळाने कामगार बोलावले, परंतु त्यांच्या निवासाची आणि जाण्यायेण्याची व्यवस्था केली नाही. ज्याला कामाच्या जागी पोहोचण्याचे स्वस्त साधन नसते तो कामाच्या जागीच राहू लागतो. या दृष्टीने पाहिले असता धावपट्टीलगतच्या झोपड्या या वाहतुकीच्या अपुऱ्या दुव्याचेच एक फळ होत. २००६ मध्ये विमानतळाचे व्यवस्थापन खासगी भागीदारीतील कंपनीकडे गेल्यानंतर या कुटुंबांच्या स्थलांतराची मोठी योजना हाती घेण्यात आली; परंतु ती पूर्णत्वास गेली नाही.

भूमीबरोबरच पाण्याचाही विचार करावयास हवा. मिठी नदी विमानतळाच्या क्षेत्रातून जाते आणि तेथे तिचा प्रवाह विमानमार्गांच्या खालून नेलेला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्यास नोंद झाली ती सुमारे ७३ मिलिमीटर. मिठीला पूर आला, विमानतळ बंद पडला, महामार्ग बुडाला आणि लोकल थांबल्या. विमानतळ शहराशी जोडणारे सर्व दुवे एकाच दिवशी तुटले. पावसाळ्यात जुहू सोडून पुण्यास जाण्याची जी पाळी १९३० च्या दशकात टाटांवर येई, तिची आठवण या प्रसंगाने होते. तेव्हा निसर्गाची मर्यादा मान्य करून तळ हलविला जाई. पुढे ती मर्यादा काँक्रीटखाली झाकली गेली, परंतु नाहीशी झाली नाही.

७. २०१४ ते २०२५ : उशिरा आलेली साधने

२००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे–वरळी सागरी सेतूने माहीमच्या बांधाला प्रथमच पश्चिमेकडून पर्याय दिला. २०१४ या वर्षी तीन घटना घडल्या. सहार येथे जुन्या टर्मिनलाच्या जागी नवे टर्मिनल फेब्रुवारीत सुरू झाले. देशी व परदेशी वाहतूक एका छपराखाली आणणे हा त्याच्या रचनेचा गाभा होता. तीस वर्षांपूर्वी केलेल्या विभागणीची ती आंशिक दुरुस्ती म्हणता येईल. त्याच दिवशी महामार्गापासून टर्मिनलपर्यंत सुमारे दोन किलोमीटरांचा सहार उन्नत मार्ग खुला झाला. जूनमध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही शहरातली पहिली मेट्रो धावू लागली. तिच्या एका स्थानकाचे नाव ‘एअरपोर्ट रोड’ असे आहे. नावात रस्ता आहे, विमानतळ नाही. आणि वस्तुस्थितीही तीच, कारण तेथून टर्मिनलपर्यंतचे अंतर रस्त्यानेच तोडावे लागते.

या दोन दुव्यांची तुलना उद्बोधक आहे. उन्नत मार्ग मोटारीला थेट टर्मिनलच्या दाराशी नेतो. मेट्रो आपल्या प्रवाशाला काही अंतरावर सोडते. एकाच वर्षी उभारलेल्या या दोन साधनांतही मोटारवाल्याला दार आणि इतरांना रस्ता, अशी जुनीच वाटणी कायम राहिली.

ती बदलली भुयारी मेट्रो मार्ग ३ ने. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा त्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. एकूण लांबी ३३.५ किलोमीटर व स्थानके २७. त्यांत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही टर्मिनलांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत. नागरी विमानवाहतूक सांताक्रूझला आल्यापासून सुमारे ७७ वर्षांनी विमानतळ आणि दक्षिण मुंबई रुळांनी जोडली गेली. विशेष हे, की दोन टर्मिनले एकमेकांना रुळांनी जोडली गेली तीही याच मार्गाने. विमानतळाच्या आतले अंतर शेवटी विमानतळाने नव्हे, शहराच्या साधनाने मिटविले.

८ ऑक्टोबर २०२५ ही तारीख या इतिहासात दोन कारणांसाठी नोंदवावी लागेल. मेट्रो मार्ग ३ च्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन ज्या दिवशी झाले त्याच दिवशी उलव्याजवळील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचेही उद्घाटन झाले. तेथून विमानसेवा २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. जुन्या विमानतळाच्या धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. २०२३–२४ मध्ये पाच कोटींहून अधिक प्रवाशांची नेआण या मर्यादेत झाली. दुसऱ्या विमानतळाची आवश्यकता यातून स्पष्ट होते. खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. विमानतळ मात्र त्या शहराच्या स्थापनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने आला. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूने शिवडी व न्हावाशेवा जोडले गेले. म्हणजे नव्या विमानतळाला बेटाशी थेट जोडणारा नवा दुवाही प्रथम मोटारीचाच ठरला. दोन विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रोची योजना आखण्यात आली आहे. सांताक्रूझ आणि सहार यांच्यातील चार-पाच किलोमीटरांचा प्रश्न आता खाडीच्या दोन तीरांच्या अंतराएवढा मोठा होऊन पुन्हा उभा राहिला आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. मुंबईच्या विमानतळाची जागा प्रथम खाजणाने, नंतर लष्कराने ठरविली. शहराने ती कधीच निवडली नाही. शहर त्याच्याभोवती वाढले, पण त्याच्याशी जोडले गेले ते विलंबाने, तुकड्या-तुकड्यांनी आणि मुख्यतः मोटारवाल्यांच्या सोयीने. जवळ असलेली रेल्वे दूर राहिली याचे मूळ कारण जमिनीची अडचण हे नव्हते. प्रत्येक संस्थेने आपल्या कुंपणापाशी थांबावे अशी कारभाराची घडण, आणि विमानतळावर येणारा मनुष्य कोण याविषयीची १९३० च्या दशकातील कल्पना, या दोहोंच्या संयोगाने ते घडले. या कल्पनेची किंमत विमानप्रवाशाने वेळात मोजली. विमानतळावरील कामगाराने ती पायपिटीत व निवाऱ्यात मोजली.

भुयारी मेट्रोने सांताक्रूझ व सहार यांपुरता हा दोष बऱ्याच अंशी दूर केला, हे मान्य करावयास हवे. परंतु नव्या विमानतळाच्या बाबतीत इतिहासाचा प्रश्न तोच आहे: धावपट्टी आधी आणि वाट मागाहून, असा क्रम पुन्हा पडणार काय? उलव्याच्या परिसरात आज मोकळी दिसणारी जमीन फार काळ मोकळी राहणार नाही, हे सांताक्रूझच्या अनुभवावरून सांगता येते. तेथे १९५० मध्ये जे सहज करता आले असते ते २०२४ मध्ये जमिनीखाली खोल उतरून करावे लागले. विमानतळाच्या इतिहासाचा अभ्यास म्हणजे केवळ उड्डाणांचा अभ्यास नव्हे. उतरल्यावर माणसे कशी घरी जातात आणि कामगार कसे कामावर येतात, याचाही तो अभ्यास आहे. आणि नगराच्या इतिहासाशी त्याचे खरे नाते तेथेच जडते.